योग्य अध्यापक उपलब्ध नसल्यास

29 एप्रिल 2013 रोजी कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे स्टेट विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाने हार्वर्डचे प्राध्यापक मायकेल सँडेल यांना एक अनावृत पत्र लिहिले. सँडेल यांचा न्यायविषयक अभ्यासक्रम हार्वर्डमध्ये गाजलेला. भल्यामोठ्या सभागृहात तो चाले, त्याचे चित्रीकरण टीव्हीवर दाखवले गेले आणि नंतर 'एडएक्स' या मंचावरून तो जगभर खुला झाला. हा तयार अभ्यासक्रम आपल्या वर्गात वापरून पाहावा, असे सॅन होजेच्या तत्त्वज्ञान विभागाला सुचवण्यात आले होते. विभागाने नकार दिला आणि त्याची कारणे थेट सँडेल यांना उद्देशून लिहून काढली.

सँडेल यांच्या विद्वत्तेबद्दल पत्रात आदरच होता. आक्षेप वेगळाच होता. सॅन होजेचे विद्यार्थी नाना वंशांचे, स्थलांतरितांच्या घरांतले, नोकरी सांभाळून शिकणारे. त्यांनी न्याय म्हणजे काय हे कसे शिकायचे? तर हार्वर्डच्या सुस्थितीतल्या विद्यार्थ्यांना एक नामवंत प्राध्यापक प्रश्न विचारतो आहे आणि ते उत्तरे देत आहेत, हे पडद्यावर पाहून. समोर उभा असलेला त्यांचा स्वतःचा प्राध्यापक तोवर चित्रफीत सुरू आणि बंद करणार. हे असेच चालले तर विद्यापीठांच्या दोन जाती होतील, असे विभागाने म्हटले. एका जातीच्या विद्यापीठांत विद्यार्थ्याला माणूस मिळेल आणि दुसऱ्या जातीच्या विद्यापीठांत त्या माणसाचे चित्रण. सँडेल यांचे उत्तर छोटेसे होते. आपली व्याख्याने अन्य ठिकाणच्या सहकाऱ्यांच्या मुळावर यावीत अशी आपली इच्छा नाही, असा त्याचा आशय. बाजाराने कुठे शिरू नये, या विषयावरचे सँडेल यांचे पुस्तक त्याच्या आदल्याच वर्षी आले होते, हा योगायोग कुणा कादंबरीकाराने रचला असता तर तो ओढूनताणून आणलेला वाटला असता.

उच्च शिक्षणातल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांवर आपल्याकडे वाद होतो तो बहुधा फळा बरा की पडदा, मुलांचे लक्ष लागते की नाही, अशा मुद्द्यांवर. हे प्रश्न शिक्षणशास्त्राचे आहेत आणि त्यांची उत्तरे विषयागणिक बदलतात. सॅन होजेच्या पत्राने विचारलेला प्रश्न राजकारणाचा आहे. अभ्यासक्रम कुणाच्या जागी येतो, कुणाच्या सांगण्यावरून येतो आणि तो आल्यावर कुणाचे पद जाते, हा तो प्रश्न.

2012 चा काळ आठवून पाहा. स्टॅनफर्डच्या सेबॅस्टियन थ्रून यांनी आदल्या वर्षी कृत्रिम बुद्धिमत्तेचा वर्ग इंटरनेटवर मोफत खुला केला तेव्हा दीड लाखाहून जास्त लोकांनी नावे नोंदवली. त्यातून 'युडॅसिटी' निघाली. स्टॅनफर्डचेच अँड्रू इंग आणि डॅफ्नी कोलर यांनी 'कोर्सेरा' काढली. हार्वर्ड आणि एमआयटी यांनी प्रत्येकी 3 कोटी डॉलर घालून 'एडएक्स' उभी केली. जगातले उत्तमातले उत्तम शिक्षण गरिबातल्या गरीब मुलापर्यंत पोहोचेल, असे सांगितले जात होते. कॅलिफोर्नियात त्याच वेळी दुसरे काही घडत होते. 2008 च्या मंदीनंतर राज्याने सार्वजनिक विद्यापीठांचे अनुदान कापले होते, पायाभूत विषयांच्या वर्गांत जागा नव्हत्या, कम्युनिटी कॉलेजांच्या प्रतीक्षा याद्यांत लाखो नावे होती. जागा वाढवायच्या तर प्राध्यापक नेमावे लागतात. त्याऐवजी राज्याच्या सिनेटमध्ये डॅरेल स्टाइनबर्ग यांनी 2013 मध्ये एक विधेयक आणले: ज्या विद्यार्थ्याला वर्गात जागा मिळाली नाही त्याने बाहेरच्या, अगदी खासगी कंपनीच्याही, ऑनलाइन अभ्यासक्रमातून मिळवलेले श्रेयांक सार्वजनिक विद्यापीठांनी मान्य करावेत. प्राध्यापकांच्या संघटनांनी ते पुढे सरकू दिले नाही आणि त्याच वर्षी विधेयक बासनात गेले.

सॅन होजेत मात्र दोन प्रयोग होऊन गेले होते. ते शेजारी शेजारी ठेवून पाहिले तर बराच धूर निवळतो. पहिला विद्युत परिपथांच्या विषयाचा. एमआयटीचे ध्वनिचित्रित पाठ विद्यार्थी घरी पाहत आणि वर्गात स्वतःच्या प्राध्यापकासमोर बसून उदाहरणे सोडवत. या वर्गात उत्तीर्णांचे प्रमाण 91 टक्क्यांवर गेल्याचे विद्यापीठाने अभिमानाने सांगितले. नेहमीच्या वर्गात ते 60 च्याही खाली असे. दुसरा प्रयोग युडॅसिटीबरोबरचा. गव्हर्नर जेरी ब्राउन यांच्या उपस्थितीत जानेवारी 2013 मध्ये तो जाहीर झाला. प्रत्येक अभ्यासक्रमाला 150 डॉलर, विषय पायाभूत गणित, बीजगणित आणि संख्याशास्त्र, शिक्षण पूर्णपणे ऑनलाइन. यात नापास होणाऱ्यांची संख्या इतकी मोठी निघाली की जुलैत प्रयोग थांबवावा लागला. सहभागी मुलांतली काही ऑकलंडच्या एका हायस्कूलची होती आणि त्यातल्या काहींच्या घरी धड संगणक नव्हता.

पहिल्या प्रयोगात चित्रफीत प्राध्यापकाच्या हाती होती, दुसऱ्यात ती त्याच्या जागी आली होती. दोन्हींत तंत्रज्ञान साधारण तेच. वर्ष संपता संपता थ्रून यांनी एका मुलाखतीत आपला माल हलक्या प्रतीचा असल्याचे कबूल केले. या मुलांच्या आयुष्यात नाना अडचणी आहेत, त्यांच्यासाठी हे माध्यम फारसे योग्य नाही, असेही ते म्हणाले. हा प्रामाणिकपणा त्यांच्या खाती जमा करायला हवा. पण अडचणीतल्या मुलांसाठीच तर हे सगळे चालले होते ना? ती वजा केली तर उरतात नोकरीत असलेले पदवीधर, आणि कंपनीने पुढे मोर्चा वळवला तो त्यांच्याकडेच. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्याच सुमारास कोर्सेराच्या आपल्या विद्यार्थ्यांची पाहणी केली. पाचांतल्या चौघांहून जास्त जणांकडे आधीचीच पदवी होती. ब्राझील, रशिया, भारत, चीन आणि दक्षिण आफ्रिका या देशांतल्या विद्यार्थ्यांपैकी जवळजवळ 80 टक्के आपापल्या देशाच्या सर्वांत सधन आणि सर्वांत शिकलेल्या 6 टक्क्यांतले निघाले.

पुढची कहाणी थोडक्यात सांगता येते. ना-नफा म्हणवणारी एडएक्स 2021 मध्ये 'टूयू' नावाच्या कंपनीला 80 कोटी डॉलरना विकली गेली आणि 2024 मध्ये टूयूने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. कोर्सेरा शेअर बाजारात गेली. मोफत होते ते हळूहळू सशुल्क झाले.

आता आपल्याकडे वळू. 'स्वयम्' हा केंद्र सरकारचा ऑनलाइन अभ्यासक्रमांचा मंच 9 जुलै 2017 रोजी राष्ट्रपती प्रणब मुखर्जी यांच्या हस्ते सुरू झाला, पण त्याचे नियम आदल्या वर्षीच निघाले होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2016 च्या विनियमांनी एका सत्रातल्या अभ्यासक्रमांपैकी 20 टक्क्यांपर्यंत स्वयम्‌वरून घेण्याची मुभा दिली. 2021 मध्ये ही मर्यादा 40 टक्के झाली. स्वयम्‌वरचा अभ्यासक्रम संस्थेने केव्हा घ्यावा, याची कारणेही 2016 च्या विनियमांत दिली आहेत. विद्यार्थ्याला हवा असलेला ऐच्छिक विषय महाविद्यालयात नसेल तेव्हा घ्यावा, हे रास्तच आहे. चालू अध्यापनाला पूरक म्हणून घ्यावा, हेही मान्य. आणखी एक कारण आहे: त्या विषयाला योग्य अध्यापक उपलब्ध नसल्यास.

अध्यापक उपलब्ध नसणे ही काही अवर्षणासारखी आकाशातून येणारी आपत्ती नव्हे. महाराष्ट्रात नेट-सेट झालेले, पीएच.डी. हातात असलेले हजारो तरुण तासिका तत्त्वावर राबत आहेत. एका महाविद्यालयात सकाळी, दुसऱ्यात दुपारी, सुट्टीच्या महिन्यांत बिनपगारी, आणि झालेल्या तासांचे मानधन निघायला कधी सत्र संपून जाते. पदे मंजूर असतात, भरतीला वित्त विभागाची परवानगी नसते. केंद्रीय विद्यापीठांतही 2021 मध्ये अध्यापकांची सहा हजारांहून जास्त पदे रिकामी असल्याचे संसदेत सांगितले गेले. म्हणजे उपलब्ध नसते ती नेमणूक. नेमणूक न करणारे सरकार आणि 'अध्यापक नसल्यास हे घ्या' असे सांगणारे सरकार, हे दोन्ही आपलेच. एक हात तूट निर्माण करतो, दुसरा त्या तुटीवरचा उपाय म्हणून पडदा पुढे करतो.

इथे कार्यभाराचे गणित समजून घ्यावे लागते. प्राध्यापक मंडळींना ते तोंडपाठ असते, बाहेरच्यांना बहुधा नसते. महाविद्यालयात एखाद्या विषयाची किती पदे हे त्या विषयाचे आठवड्याला किती तास भरतात यावर ठरते. सहायक प्राध्यापकाने आठवड्याला 16 तास प्रत्यक्ष अध्यापन करावे अशी आयोगाची अपेक्षा आहे. एखाद्या विभागाचा कार्यभार 64 तासांचा असेल तर चार पदे. त्यातला एक चतुर्थांश भाग स्वयम्‌वर गेला तर राहिले 48 तास, पदे तीन. चाळीस टक्क्यांची मर्यादा गाठायचीही गरज नाही. पद कमी करा असे विनियमात कुठेही म्हटलेले नाही आणि म्हणायची आवश्यकताही नाही. पुढच्या कार्यभार तपासणीत ते आपोआप होऊ शकते. कुणाला काढून टाकले अशी बातमी येणार नाही, कारण काढायला त्या पदावर कुणी नेमलेलेच नसते.

पद जाते तेव्हा त्याच्याबरोबर बिंदुनामावलीतला, म्हणजे आरक्षणाप्रमाणे पदे वाटून देणाऱ्या यादीतला, एक बिंदूही जातो. आरक्षणासाठी पदे कशी मोजायची, संपूर्ण विद्यापीठ एकक धरून की विभाग एकक धरून, यावरून 2017 ते 2019 या काळात देशभर झालेला संघर्ष अनेकांना आठवत असेल. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या निकालानंतर विभागवार मोजणी आली, राखीव पदे झपाट्याने घटण्याची चिन्हे दिसू लागली, लोक रस्त्यावर उतरले आणि शेवटी मार्च 2019 मध्ये केंद्राला अध्यादेश काढावा लागला. मोजणीच्या एककावरून एवढे रान उठले, कारण वर्गात उभे कोण राहणार हे त्या मोजणीवर ठरत होते. ऑनलाइन अभ्यासक्रम मोजायची पदेच कमी करतो. पडद्यावरच्या व्याख्यात्याला बिंदुनामावली लागत नाही. त्याच्याविरुद्ध मोर्चा काढायचा तरी कुणाच्या कचेरीवर?

जोतीराव फुले यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिले. वरच्या वर्गांना उच्च शिक्षण द्यावे, ते खाली झिरपत जाईल, या सरकारी धोरणाचा त्यांनी समाचार घेतला हे आपण वारंवार सांगतो. त्याच निवेदनातला दुसरा भाग कमी सांगितला जातो. शिक्षक कोण असावा, याविषयी फुले फार काटेकोर होते. तो प्रशिक्षित असावा, त्याला बरा पगार असावा आणि तो शेतकरी वर्गातून आलेला असावा. नांगराची मूठ धरायला न लाजणारा, लोकांत मिसळणारा. फुले बोलत होते ते प्राथमिक शाळांविषयी. तरी मुद्दा महाविद्यालयालाही लागू पडतो. शिकवणारा माणूस आपल्यातला असणे हा शिक्षणाचाच भाग आहे, असे ते सांगत होते. देशातल्या एका सर्वोत्तम प्राध्यापकाचे व्याख्यान सगळ्यांना ऐकवावे ही कल्पना कितीही उदार वाटली, तरी तिच्यात झिरपण्याचा तो जुना सिद्धांत नव्या पाइपातून येतो. सर्वोत्तम कोण हे वर ठरते. खाली फक्त नळ.

औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, डॉ. आंबेडकरांनी 1950 मध्ये जे महाविद्यालय काढले त्याचे नाव पुढे मिलिंद झाले. म. भि. चिटणीस तिथे प्राचार्य होते, गंगाधर पानतावणे तिथे शिकवत होते. मराठवाड्यातल्या खेड्यांतून आलेली, घराण्यात पहिल्यांदाच महाविद्यालय पाहणारी मुले तिथे शिकली आणि दलित साहित्याच्या चळवळीची एक मोठी मुळी त्या परिसरात रुजली. यातले किती तासिकेत घडले आणि किती वसतिगृहात, ग्रंथालयात, गॅदरिंगच्या तालमीत, प्राध्यापकाच्या घरच्या ओट्यावर? याचे श्रेयांक कुणी मोजलेले नाहीत. ज्याच्या घरात पुस्तके आहेत, ओळखीपाळखी आहेत, त्याला महाविद्यालय केवळ व्याख्यानापुरते लागत असेल. ज्याच्या घरात हे नाही त्याला महाविद्यालय नेमके बाकीच्या गोष्टींसाठी लागते. म्हणूनच 'मजकूर तोच, फक्त माध्यम वेगळे' हा युक्तिवाद मला धनिकांच्या सोयीचा वाटतो.

करोनाकाळाने याची परीक्षा घेऊन ठेवली आहे, त्यावर फार शब्द खर्चायला नकोत. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 2017-18 च्या आकड्यांनुसार देशातल्या जेमतेम 24 टक्के घरांत इंटरनेटची सोय होती, ग्रामीण भागात 15 टक्क्यांच्या आसपास. संगणक असलेली ग्रामीण घरे शंभरात पाचसुद्धा नव्हती. आणि 17 मे 2020 रोजी, टाळेबंदीत, अर्थमंत्र्यांनी जाहीर केले की देशातल्या पहिल्या शंभर विद्यापीठांना ऑनलाइन अभ्यासक्रम सुरू करण्याची आपोआप परवानगी मिळेल. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात विद्यापीठ अनुदान आयोगाचे विनियम आले. 'नॅक' या मूल्यांकन संस्थेचे वरचे गुणांकन किंवा सरकारच्या 'एनआयआरएफ' क्रमवारीत वरचे स्थान असलेल्यांनाच पूर्ण ऑनलाइन पदवी देता येणार होती. गुणवत्तेची ही चाळणी वरवर शहाणपणाची दिसते. तिने उच्च शिक्षणात उत्पादक आणि ग्राहक अशी फाळणी होते, तिकडे मात्र कुणी फारसे पाहत नाही. क्रमवारीतली विद्यापीठे अभ्यासक्रम बनवतील, पदव्या विकतील. परभणीच्या, गडचिरोलीच्या महाविद्यालयांनी ते आणून वाटायचे. सॅन होजेच्या पत्रातल्या दोन जाती इथे राजपत्रात छापून आल्या.

या विषयावर बोलताना तंत्रज्ञानाविरुद्धच बोलल्याचा आरोप होतो, म्हणून नाशिककडे बोट दाखवतो. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1 जुलै 1989 ला स्थापन झाले, राम ताकवले पहिले कुलगुरू. वर्गाबाहेरचे शिक्षण ही कल्पना महाराष्ट्राला ऑनलाइन मंचांनी शिकवलेली नाही. बारावी न झालेल्यांना पूर्वतयारी करवून प्रवेश, स्वतः वाचून समजतील अशी मराठीत लिहिलेली पुस्तके, ठिकठिकाणच्या महाविद्यालयांत अभ्यासकेंद्रे, तिथे शनिवार-रविवार भेटणारे समंत्रक. ज्यांच्यासाठी महाविद्यालयाचे दार कधी उघडलेच नव्हते अशा पोलीस शिपायांसाठी, गृहिणींसाठी, शेतकऱ्यांसाठी ती सोय होती. पुढे काही केंद्रांत समंत्रण पातळ झाले, फॉर्म आणि परीक्षा एवढेच उरले, हेही खरे. पण जे महाविद्यालयात बसलेच आहेत त्यांच्या समोरचा प्राध्यापक काढून घेण्यासाठी मुक्त विद्यापीठ निघाले नव्हते. ज्यांना काहीच नव्हते त्यांना त्याने काही दिले. 'एनपीटेल'चे मूळही असेच स्वच्छ आहे. आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांचे पाठ कुणीही पाहावेत म्हणून खुले केले गेले. जिल्ह्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातला प्राध्यापक रात्री ते पाहून सकाळी वर्गात जातो, हे मला त्याचे सर्वांत चांगले फळ वाटते. त्यात तो आधी शिकतो, मग शिकवतो, आणि जागेवर राहतो.

मालकीचा प्रश्न आपल्याकडे अजून कुणी नीट उपस्थितही केलेला नाही. कॅनडात यॉर्क विद्यापीठाचे इतिहासकार डेव्हिड नोबल यांनी 1990 च्या दशकाच्या शेवटी हे सगळे लिहून ठेवले होते: शिकवणे एकदा चित्रित झाले की ते शिकवणाऱ्यापासून सुटते आणि संस्थेच्या मालमत्तेत जमा होते. यॉर्कच्या प्राध्यापकांनी 1997 मध्ये जवळजवळ दोन महिने संप करून वर्गातल्या तंत्रज्ञानाच्या वापरावर आपले म्हणणे करारात लिहून घेतले. त्याच देशात माँट्रियलच्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठातला एक विद्यार्थी 2021 च्या जानेवारीत कलेतिहासाच्या ऑनलाइन वर्गाला बसला होता. व्याख्याने आवडली म्हणून प्राध्यापकांना ईमेल करावा असे त्याला वाटले. शोध घेतल्यावर कळले, ते प्राध्यापक, फ्राँस्वा-मार्क गान्यों, 2019 मध्येच वारले आहेत. अभ्यासक्रम चालू होता, शुल्क घेतले जात होते. आपल्याकडे करोनाकाळात प्राध्यापकांनी हजारो तासांची व्याख्याने चित्रित करून दिली. ती आज कुणाच्या सर्व्हरवर आहेत, पुढच्या वर्षी कुणाच्या कार्यभारातून वजा होतील, हे कुणी विचारले आहे का? तासिका तत्त्वावरचा माणूस तर विचारूही शकत नाही. पुढच्या जूनमध्ये त्याला बोलावणे यायचे असते.

म्हणून नियम बदलायचे तर कुठे हात घालावा, हे मला पुरेसे स्पष्ट दिसते. 'अध्यापक उपलब्ध नसल्यास' हे कारण काढून टाकावे. अध्यापक नसेल तर नेमावा. बाहेरचा अभ्यासक्रम घ्यायचा की नाही हे त्या विषयाच्या अभ्यास मंडळाने आणि विभागाने ठरवावे, कुलसचिवांच्या परिपत्रकाने नव्हे. विद्यार्थी स्वयम्‌वरून जे श्रेयांक घेईल त्याचे तास स्थानिक विभागाच्या कार्यभारात पूर्ण धरावेत, कारण त्या विद्यार्थ्याच्या शंका सोडवायला, त्याच्याकडून उदाहरणे करून घ्यायला तिथला माणूस लागणारच. सॅन होजेच्या परिपथांच्या वर्गात तोच होता. चित्रित व्याख्यानाचा करार मुदतबंद असावा आणि प्राध्यापक गेल्यावर, सोडून वा जगातून, तो संपावा.

यावर वित्त विभागातला अधिकारी विचारेल की कार्यभार तेवढाच, पदे तेवढीच आणि वर मंचाचा खर्च, मग यात बचत ती काय झाली? प्रश्न बरोबर आहे. काहीच बचत होणार नाही. चांगल्या प्राध्यापकाच्या हाती चांगले साधन द्यायला पैसे जास्तच लागतात, आणि तेवढे लागणार हे मान्य करून कोणत्या सरकारचा ऑनलाइन शिक्षणाचा उत्साह टिकतो हे एकदा पाहायला हवे.